ताई ची की उभं ध्यान: तोलासाठी काय निवडावं?

पँट घालताना एक पाय उचलला की माझा हात आपसूक भिंतीकडे जायला लागला होता. पडले नव्हते, कुठे धडपडलेही नव्हते. पण एका पायावर आता फार विसंबता येत नाही, हे माझ्या आधी हाताला कळलं होतं. काय करावं अशी चौकशी केली तर दोन सल्ले मिळाले. एक, ताई ची शिक, म्हणजे संथ हालचालींचा एक चिनी क्रम. दुसरा, काही शिकू नकोस, रोज दहा मिनिटं नुसती उभी राहा. पहिला ऐकून वाटलं, एवढं सगळं पाठ कोण करणार. दुसरा ऐकून वाटलं, ही थट्टाच चालली आहे. पुढे दोन्ही केलं, बरीच वर्षं केलं. आता कोणी विचारलं तर 'दोन्ही करा' असं मात्र मी सांगत नाही. ते खोटं नाही, पण ज्याच्या हाताशी दिवसातली वीस मिनिटं आहेत आणि कुठून तरी सुरुवात करायची आहे, त्याच्या ते काही कामाचं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. पडायची भीती हे कारण असेल तर ताई ची घ्या. पडायची भीती नाही, पण आपण कुठे आखडतो, भार कुठे टाकतो, याचा पत्ताच लागत नसेल तर उभं ध्यान घ्या. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि बहुतेकांना त्यातलं एक जास्त असतं.

दोन्हींचं मूळ

दोन्ही चिनी युद्धकलेतून आलेल्या. ताई ची हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात सतराव्या शतकात रुजली, पुढे यांग, वू, सुन अशा घराण्यांनी आपापल्या शैली घडवल्या. आज बागेत दिसते ती संथ, ऐसपैस हालचालींची ताई ची मुख्यतः यांग चेंगफू (1883–1936) यांच्या वळणाची. 1956 साली चीनच्या क्रीडा विभागाने यांग शैलीतून 24 हालचालींचा आटोपशीर क्रम बसवला. तो पाच-सहा मिनिटांत संपतो आणि नवशिक्यांना बहुधा तोच शिकवतात.

उभ्या ध्यानाचं चिनी नाव झान झुआंग, म्हणजे रोवलेल्या खांबासारखं उभं राहणं. अनेक आखाड्यांत ही पूर्वतयारी मानली जायची. वांग श्यांगझाई (1885–1963) यांनी पाठ केलेले क्रम बाजूला सारले आणि उभं राहण्यालाच मुख्य साधना केलं. करायचं इतकंच: पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, गुडघे जरासे सैल, हात छातीसमोर गोल, जणू झाडाचं खोड कवेत घेतलंय. ताडासनाशी याची गल्लत होते. ताडासनात शरीर वर ताणायचं असतं. इथे गुडघे, कंबर, खांदे सोडून भार खाली तळव्यात उतरू द्यायचा असतो.

तोल कुठून येतो

तोल तीन ठिकाणच्या खबरींवर चालतो. डोळे, आतला कान, आणि तळपायाची त्वचा, स्नायू व सांधे. कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं फिरतंय ते सांगतात. स्नायूंमधली चेतातंतूंची टोकं कोणता सांधा किती वाकलाय ते सांगतात. डोळे मिटून उभं राहिलं की आपण डोळ्यांवर किती भिस्त ठेवून होतो ते लगेच कळतं. (हे पहिल्यांदा करताना ओट्याला किंवा जड टेबलाला खेटून उभं राहा, मधोमध नको.)

आणि स्थिर उभा माणूस स्थिर नसतोच. तो सतत किंचित डुलत असतो आणि स्वतःला सावरत असतो. थोडा तोल गेला तर घोटा सावरतो, जास्त गेला तर कंबर, त्याहून जास्त गेला तर पाऊल टाकावं लागतं. माझी सगळी तुलना या तीन पायऱ्यांवर उभी आहे. उभं ध्यान पहिल्या पायरीवर बारकाईनं काम करतं. ताई ची तिसरीवर. आणि माणसं पडतात ती बहुतेक वेळा पाऊल बदलताना, वळताना, उठताना. खांबासारखी उभी असताना फारशी नाहीत.

उभं राहिल्यावर काय दिसतं

पहिलं मिनिट काहीच होत नाही. दुसऱ्या मिनिटाला कळतं की खांदे कानांकडे चढलेत. खाली सोडले, वीस सेकंदांत पुन्हा वर. पाचव्या मिनिटाच्या आसपास मांड्या थरथरायला लागतात, आणि तिथे बहुतेक जण घड्याळ बघतात.

मला तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट सापडली. डावं पाऊल बाहेरच्या कडेवर उभं होतं. अंगठा जमिनीला नुसता शिवत होता, त्याच्यावर भार असा नव्हताच. चपला काढून उलट्या करून बघितल्या, तर डावीची टाच बाहेरच्या कोपऱ्यात तिरकी झिजलेली. आधीच्या जोडाचीही तशीच झिजली होती, म्हणजे दोन-चार वर्षं तरी हे चाललं होतं. म्हणजे चपलेला माहीत होतं, मला नव्हतं. भार अंगठ्याकडे आणायला गेले तर डावा गुडघा आत आला. गुडघा जागेवर ठेवला तर नितंबाच्या बाजूचा एक स्नायू, ज्याची मला आयुष्यात कधी ओळख झाली नव्हती, तो ओरडायला लागला. हालचाल चालू असती तर यातलं काहीही कळलं नसतं.

आपण गाण्यात, कामात देहभान हरपलं म्हणतो ते कौतुकानं. इथे नेमकं ते परत आणायचं असतं, आणि त्यासाठी उभ्या ध्यानाइतकं स्वस्त साधन मला दुसरं ठाऊक नाही.

पण त्याची मर्यादाही ठळक आहे. उभं राहून गवसलेलं चालताना आपोआप येत नाही. मी सहा महिने फक्त उभी राहिले तेव्हा खांदे उतरले, पाठ सुटली, पाऊल सपाट झालं. जिना उतरताना कठड्याला धरायची सवय मात्र होती तशीच राहिली. शिवाय एकट्यानं चुकीचं उभं राहणं फार सोपं. गुडघे मागे ठोकून किंवा पोट पुढे काढून दहा मिनिटं उभं राहिलं तर कमरेचं दुखणं पदरात पडतं, आणि आपण त्याला 'साधनेतला त्रास' म्हणून गोंजारत बसतो.

ताई चीतलं रिकामं पाऊल

बाहेरून बघणाऱ्याचं लक्ष हातांकडे जातं. खरा मामला पायात असतो. ताई चीत एक पाय 'भरलेला', दुसरा 'रिकामा'. पुढे पाऊल टाकताना सगळा भार मागच्या पायावर ठेवायचा, पुढची टाच जमिनीवर नुसती टेकवायची, आणि मगच भार हळूहळू पुढे ओतायचा. शिकवणारे एक साधी परीक्षा घेतात: टाच टेकवल्यावर 'आता तो पाय परत उचला' म्हणतात. उचलता आला तर पाऊल खरोखर रिकामं होतं. मला पहिल्या महिन्यात दहांतून आठ वेळा उचलता आला नाही. कारण रोजच्या चालण्यात आपण पाऊल ठेवत नाही, त्याच्यावर पडतो.

संथपणाचं कामही हेच. वेगात सायकल सरळ जाते, अगदी हळू चालवायला गेलं की हँडल डगमगतं. चालण्यातही वेग आपल्या उणिवा झाकतो. ताई ची तो वेग काढून घेते. त्यात 'ढगांसारखे हात' या हालचालीत बाजूला सरकत कंबर आणि नजर वळते, 'सोनेरी कोंबडा' एका पायावर उभा करतो. म्हणजे डोळे, कान, पाय, तिघांनाही एकाच वेळी कामाला लावलं जातं.

अडचण एकच आणि मोठी: पाठांतर. पहिले दोन-तीन महिने डोक्यात 'आता पुढे काय' एवढंच असतं. त्या काळात शरीराची जाण वाढते असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. वाढतो तो गोंधळ. म्हणूनच माझा आग्रह आहे की सबंध क्रमाच्या मागे लागू नये. आठ-दहा हालचाली पुरतात. हे माझं लाडकं मत आहे, पण नुसतं मत नाही, ते पुढे येतंच.

मोजून काय मिळालं

अमेरिकेत अटलांटा इथे 70 वर्षांवरच्या 200 जणांवर एक प्रयोग झाला, तो 1996 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला 15 आठवडे ताई चीच्या फक्त 10 हालचाली शिकवल्या. दुसऱ्या गटाला संगणकाला जोडलेल्या फळीवर उभं करून आपलं डुलणं पडद्यावर बघत कमी करायला शिकवलं. ताई चीच्या गटात वारंवार पडण्याचा धोका 47.5 टक्क्यांनी घटला. फळीवरच्या गटाचं डुलणं कमी झालं, पडणं नाही. ताई चीवाल्यांचं डुलणं काही घटलं नव्हतं; त्यांची पडायची भीती घटली होती. फळीवर उभं राहणं म्हणजे उभं ध्यान नव्हे, हे कबूल. तरीही स्तब्ध उभं राहता येणं आणि न पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी या प्रयोगातून शिकले.

2018 सालच्या दुसऱ्या अभ्यासात पडण्याचा धोका असलेले 670 वृद्ध होते. आठ हालचालींची, तोलासाठीच बेतलेली ताई ची करणाऱ्यांचं पडणं, नुसते स्नायू ताणायचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत 58 टक्क्यांनी कमी भरलं, आणि ताकद, तोल, चालणं असा मिश्र व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत 31 टक्क्यांनी. 2012 साली पार्किन्सनच्या 195 रुग्णांवर केलेल्या प्रयोगात ताई चीने स्नायू ताणायच्या व्यायामापेक्षा पडणं कमी केलं, ताकदीच्या व्यायामापेक्षा मात्र नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ताई चीचे भक्त तेवढं वाक्य गाळतात. ज्याच्या मांड्यांतच जोर उरला नाही त्याला खुर्चीतून उठ-बस करणं ताई चीइतकंच उपयोगी पडेल.

उभ्या ध्यानाच्या बाजूने या तोडीचे मोठे प्रयोग नाहीत. त्याची बाजू अनुभवाची आहे, आणि ती मी वर मांडली.

शिकवणारा, वेळ, कंटाळा

उभं ध्यान एका बैठकीत समजतं (बैठकीत म्हणजे उभ्यानेच). जाणत्याकडून एकदा ठेवण तपासून घ्या, महिन्याभराने पुन्हा. जागा सतरंजीएवढी. दोन मिनिटांपासून सुरू करून आठवड्याला एक-एक मिनिट वाढवलं तर दहापर्यंत दोन महिन्यांत सहज पोचता येतं. ताई चीला शिकवणारा हवाच, निदान पहिले तीन महिने, आठवड्यातून दोनदा. व्हिडिओवरून हातांची नक्कल होते, भार कुठे आहे ते दिसत नाही.

कंटाळ्याचा हिशेब उलटा निघतो. सोपं दिसणारं उभं ध्यान लोक आधी सोडतात. ताई चीत पुढची हालचाल शिकायची ओढ असते, सोबत माणसं असतात. एकटीनं भिंतीकडे बघत सातवं मिनिट काढणं हा वेगळाच प्रकार आहे, आणि ज्यांचं मन आधीच सैरभैर आहे त्यांना सुरुवातीला ते जड जातं.

कोणी जपावं

फार वेळ अजिबात न हलता उभं राहिलं की रक्त पायात साचतं, कारण ते वर ढकलणाऱ्या पोटऱ्या आकुंचन पावत नाहीत. उठल्यावर ज्यांचा रक्तदाब घसरतो, पायांच्या शिरा ज्यांच्या फुगलेल्या आहेत, किंवा ज्यांना उभ्या-उभ्या घेरी येते, त्यांनी उभं ध्यान दोन-तीन मिनिटांपुरतंच ठेवावं आणि डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर जिद्द दाखवू नये, खाली बसावं.

ताई चीत जपायचा तो गुडघा. खोल वाकून, भार असलेला पाय तसाच ठेवून कंबर वळवली की पीळ गुडघ्यात जातो. गुडघा पावलाच्याच दिशेला राहिला पाहिजे, आणि वळायचं असेल तर आधी भार काढून पाऊल फिरवायचं. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर उंच उभं राहूनच करा. खोल वाकून करण्यानं कला दिसते, तोल वाढत नाही.

मग तुम्ही कोणत्या बाजूचे

वर्षभरात एकदा तरी पडला असाल, किंवा पडाल या धास्तीनं बाहेर पडणं कमी केलं असेल, तर ताई चीकडे जा. वर्ग मोठा क्रम शिकवणारा असेल तर पहिल्या आठ हालचालींवर थांबून त्याच करायची परवानगी मागा. शिकवणारा नाराज झाला तर दुसरा शोधा. दिवसभर बसून काम करत असाल, मान-खांदे दगड झाले असतील आणि तोल ठीकठाक असेल, तर उभं ध्यान. नाचणारे, खेळणारे, ज्यांचा तोल चांगला असूनही एकच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, तेही आधी इथेच या. भार कुठे चुकतोय ते इथेच सापडेल. आणि ज्यांना पाठांतराची मनापासून चीड आहे त्यांनी ताई चीतलं फक्त रिकाम्या पावलाचं चालणं घ्यावं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दहा फेऱ्या. माझ्या लेखी अर्धी ताई ची तिथेच आहे.

सुरू करायच्या आधी एक मोजमाप मात्र लिहून ठेवा. ओट्याजवळ, अनवाणी, डोळे उघडे ठेवून एका पायावर किती सेकंद उभं राहता येतं ते दोन्ही पायांचं वेगवेगळं. बारा आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मोजा. नियमित करूनही आकडा तसूभर हलला नाही, किंवा दोन पायांतला फरक वाढला, तर साधना बदलायच्या आधी कान, पायातल्या नसा आणि चालू असलेली औषधं डॉक्टरांकडून तपासून घ्या.