पार्सल कस्टममध्ये अडकलंय म्हणून फोन आला आणि माझे 35,900 गेले

गेल्या महिन्यात मी फसलो, आणि चोराला सगळी माहिती मीच पुरवली होती म्हणून हे लिहितोय.

मी गुहागरचा, रिटायर, बुद्धिबळाचं वेड शाळेपासूनचं. मुलगी पुण्याला आयटीत, ती सुट्टी काढून एकटी जॉर्जियाला फिरायला गेली आणि मी इथे पडवीत बसून मोबाईलवर तिच्या मागे मागे. आमच्यासारख्यांची ती पंढरीच हो! नोना गाप्रिंदाश्विली तिथली, 1962 ते 1978 बुद्धिबळातली महिला जगज्जेती, ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली बाई. तिला हरवणारी माया चिबुर्दानिद्झे कुतैसीची. आणि तिथल्याच बाटुमी शहरात तर 2025 च्या जुलैत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप आणला. (बाटुमीच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे, आमच्या गुहागरची सर नाही, असो.) लेकीचा फोटो आला की मी तो लगेच फेसबुकवर टाकायचो, तोही पब्लिक, आज तिबिलिसी उद्या कुतैसी, आणि एक दिवस टाकलं, "लेकीने बाबासाठी लाकडी पट घेतलाय, पार्सलने येतोय."

तीन दिवसांनी सकाळी आठला मी सुपारी वाळत घालत होतो तेव्हा फोन, मुंबई कस्टममधून बोलतोय. माझं नाव, मुलीचं नाव, बाटुमी, लाकडी पट, सगळं बरोबर. व्हॉट्सअपवर फोटो, उघडलेला खोका आणि मांडलेला पट. ड्युटी 8,400, यूपीआयने भरा, अर्ध्या तासात नाही भरली तर पार्सल परत. मुलीला फोन लावला तर बंद, तिथे सकाळचे साडेसहा, झोपली असणार. भरले.

दहा मिनिटांत परत फोन, लाकडी वस्तूला दंड आहे, 27,500, नंतर रिफंड होतो. खरं तर इथेच थांबायचं, पण आधीचे 8,400 अडकलेत ना, ते सोडवायला हे पण भरले. डाव बिघडला की माणूस तो सावरायला आणखी एक सोंगटी घालवतो तसं झालं.

तिसऱ्यांदा 61,000 मागितले, म्हणे खोक्यात परदेशी नोटा सापडल्यात, केस होईल. तेव्हा मात्र मी तो फोटो मोठा करून बघितला. पट आडवा मांडला होता, खेळणाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात काळं घर, तिथे पांढरं हवं! हे मला फोटो आला तेव्हाच दिसलं होतं, पण मी मनात हसलो होतो की कस्टमवाल्यांना काय कळतंय. आता लेकीने पाठवलेला फोटो शेजारी ठेवला, तिच्या पटाच्या कडेला अक्षरं-आकडे आहेत, याच्या नाहीत. पटच दुसरा. कुठून तरी नेटवरून उचललेला.

फोन कट केला आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लावला, cybercrime पोर्टलवर तक्रार पण केली. दुसऱ्या रकमेतले 11,000 बँकेने होल्ड केलेत, अजून हातात आलेले नाहीत. तुमच्यावर वेळ आली तर आधी 1930, नातेवाईकांना फोन मग. पोस्टाने आलेल्या पार्सलची ड्युटी असली तर ती पोस्टमन दारात घेतो हे मला नंतर पोस्टात कळलं, आणि कस्टमच्या खऱ्या पत्रावर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख नंबर असतो जो त्यांच्या साईटवर तपासता येतो. कोणाच्या खाजगी यूपीआयवर ड्युटी जात नाही.

दहाच्या सुमारास मुलगी उठली. म्हणाली, "अहो बाबा, पार्सल केलंच नाही मी, फार महाग पडत होतं, पट माझ्या बॅगेत आहे."

आता तो पट पडवीत मांडलेला असतो. पाहुणे आले की ही चहा ठेवता ठेवता सांगते, "हात जपून लावा हो, छत्तीस हजाराचा आहे."