कर्जात नाव, खरेदीखतात नाही

२००६ मध्ये सांगलीच्या गावभागात आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा गृहकर्जाच्या कागदांवर सहकर्जदार म्हणून माझी सही होती आणि सुरुवातीची रक्कम उभी करताना माझे माहेरचे सात तोळे सोने मोडले होते. खरेदीखताच्या दिवशी मुलगा तापाने फणफणला होता, म्हणून मी निबंधक कार्यालयात गेले नाही. “कर्जाला तुझे नाव आहे, म्हणजे घराला आहेच,” असे पतीने सांगितले, आणि नवऱ्याच्या घरात बायकोचा अर्धा वाटा असतोच या समजुतीवर मी बारा वर्षे पगारातून हप्ते भरले.

२०१८ मध्ये कर्ज फिटले. मूळ कागद पाहायला मागितले की आज-उद्या होई. पुढच्याच वर्षी कृष्णेचा महापूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, आमच्या तळमजल्यात छातीएवढे पाणी शिरले आणि त्यानंतर ‘कागद पुरात गेले’ एवढेच उत्तर मिळू लागले. घरोघरी ओले कागद वाळत घातलेले मी पाहत होते, त्यामुळे ते मला पटले. नोंदवलेल्या दस्ताची प्रमाणित प्रत किंवा सूची क्रमांक दोनचा (इंडेक्स-२, म्हणजे व्यवहार कोणाच्या नावे झाला याच्या नोंदीचा) उतारा दुय्यम निबंधकाकडे अर्ज करून मिळतो, हे मला ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नाही.

२०२२ मध्ये एक अनोळखी गृहस्थ ताबा कधी देणार म्हणून दारात उभे राहिले, तेव्हा मी तो उतारा काढला. खरेदी एकट्या पतीच्या नावे होती आणि विक्रीही त्याच्या एकट्याच्या सहीने झाली होती.

वकिलांनी मग समजावले की पती हयात असताना त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नीला मालकीचा हिस्सा नसतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचा वाटा त्याच्या पश्चात, तोही मृत्युपत्र नसेल तर, मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने मिळतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो. त्याखाली राहण्याचा हक्क आणि विक्री रोखण्याचा आदेश मागता येतो, पण तो विक्रीच्या आधी मागायला हवा होता. भगिनींनो, खरेदीखतात आपले नाव स्वतः वाचा. ते राहून गेले असेल, तर पतीने राहत्या घराचे बक्षीसपत्र पत्नीला करून देण्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे.

भरलेल्या पैशांसाठी माझा दावा चालू आहे. हप्त्यांच्या नोंदी बँकेकडून मिळाल्या. सोने मोडल्याची पावती मात्र खालच्या कपाटात होती आणि ती खरोखरच पुरात गेली.