ग्रेडवाला ट्रेकिंग क्लब की सगळ्यांचा? दोन्हीकडे चालून झाल्यावर

डोंगर चालायला एखाद्या क्लबात जायचं ठरवलं की साधारण दोन प्रकार समोर येतात. एक ग्रेडवाला. तिथं प्रत्येक ट्रेकवर सोपा, मध्यम किंवा कठीण असा शिक्का असतो आणि आपापली कुवत ओळखून नाव द्यायचं असतं. दुसरा सगळ्यांचा. तिथं कालच बूट घेतलेला नवखा आणि वीस वर्षं डोंगर तुडवलेला जुना गडी एकाच गटात, एकाच वाटेनं निघतात. पहिल्या प्रकारात मी दोन वर्षं होतो. दुसऱ्यात हे चौथं वर्ष. अलीकडे तिघाचौघांनी ‘कुठं नाव देऊ?’ असं विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सॅक किती लिटरची आणि बूट कसले, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी ग्रेडवाल्याची बाजू. कागदावर ती जास्त पटते, मलाही पटली होती. आपल्यासारख्याच दमाची माणसं सोबत असली की चाल एका लयीत राहते. निघायची वेळ पाळली जाते, ठरलेला माथा बहुतेक वेळा गाठला जातो, अंधार पडायच्या आत सगळे खाली असतात. पुढं एखादा मोठा डोंगर डोळ्यांसमोर ठेवून तयारी करणाऱ्याला अशा चालीचा फायदा होतो, यात शंका नाही. माझा दमसास त्याच दोन वर्षांत वाढला. नकाशावरच्या समोच्च रेषा वाचायलाही मी तिथंच शिकलो, आणि ज्यांनी शिकवलं त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

पण ग्रेड नेमकी कशाची असते, हे नाव देण्याआधी विचारा. स्विस अल्पाइन क्लबची टी१ ते टी६ अशी पायऱ्यांची पट्टी आहे. टी१ म्हणजे रुळलेली, सरळ पायवाट. टी४ला आलात की काही ठिकाणी हात टेकावे लागतात, आणि टी६ला बहुतेक ठिकाणी वाटच नसते. अमेरिकेत वर्ग १ ते ५ असे चालतात. १ म्हणजे नुसतं चालणं, ५ म्हणजे दोर लावून चढणं. या दोन्ही पट्ट्या मला आवडतात, कारण पायाखालची जमीन कशी आहे तेवढंच त्या सांगतात. कोणाला कुठं धाप लागेल, यावर त्या काही बोलत नाहीत.

क्लबाचा ‘मध्यम’ मात्र अंतर, चढ आणि वाटेची अवघडाई एकाच शब्दात कोंबतो. मी केलेल्या दोन ‘मध्यम’ ट्रेकांपैकी एकात लांबलचक पठार होतं, दिवसभर नुसतं चालणं. दुसरा अंतरानं त्याच्या निम्मा, पण उतरताना सगळा घसारा, म्हणजे पाय सरकवणारी सुटी दगडमाती. पहिल्यात जो आरामात होता त्याचे दुसऱ्यात गुडघे बोलायला लागले. नाव देताना दोघांच्या हाती तोच एक शब्द होता.

वेळेच्या हिशोबाचंही तसंच. बरेच लीडर अजूनही विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या १८९२ सालच्या ठोकताळ्यावर चालतात. ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे १२ किलोमीटर चाल आणि ६०० मीटर चढ असेल तर साधारण ३ तास २५ मिनिटं. ठोकताळा चांगला आहे, मी स्वतः वापरतो. पण तो धडधाकट माणसाचा आहे, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही, उतारही धरलेला नाही. पंधरा जणांच्या गटाला माझ्या अनुभवात सहज दीडपट वेळ लागतो. वरचा वेळ कुठं जातो, तर थांबण्यात. आणि थांबण्यावरूनच माझा निर्णय झाला.

तो ट्रेक ‘मध्यम’च होता. आदल्या आठवड्यात गुडघा थोडा दुखावला होता, त्यामुळे मी मागे होतो. पहिला चढ संपतो तिथं एका झाडाखाली सगळे थांबले होते. मी पोचलो तेव्हा त्यांना बसून दहा-बारा मिनिटं झाली असतील. पाणी पिऊन झालं होतं, नाड्या पुन्हा आवळून झाल्या होत्या. मला बघून एक जण मनापासून म्हणाला, “आलास ना? चला मग.” आणि सगळे उठले. मी उभ्याउभ्या दोन घोट पाणी घेतलं आणि त्यांच्या मागं लागलो.

त्या दिवशी हे पाच वेळा झालं. पुढच्यांना मिळून पाऊण-एक तासाची विश्रांती मिळाली. ज्याला ती सगळ्यात जास्त हवी होती, त्याला पाच मिनिटंही धड बसता आलं नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे. आपण थांबलो, वाट पाहिली, असंच त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. पण विश्रांती नसल्यानं दर टप्प्यात मी आणखी मागे पडत गेलो. मी मागे पडलो म्हणून ते आणखी जास्त वेळ बसले, आणखी ताजे होऊन उठले. अंतर आपोआप वाढत जातं, त्यासाठी कोणी मुद्दाम घाई करायची गरज नसते.

उतरताना त्याचं खरं रूप दिसलं. उतारावर वेग मिळतो हा समज हलक्या उतारापुरताच खरा. वाल्डो टोबलर या भूगोलज्ञानं १९९३ साली मांडलेल्या सूत्रातही सगळ्यात जास्त वेग, ताशी ६ किलोमीटर, येतो तो जेमतेम ५ टक्के उताराला. उतार तीव्र झाला की वेग पुन्हा पडतो. तीव्र उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन धरून ठेवतात, आणि दमलेल्या माणसाचे तेच स्नायू आधी हार मानतात. माझ्या मांड्या थरथरत होत्या. घसाऱ्यावर दोनदा घसरून बसलो. लागलं काही नाही, पण पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला.

त्याहून मला लागून राहिलं ते वेगळंच. दुसऱ्या थांब्याच्या आधीच उजवी टाच चुरचुरायला लागली होती. टेप लावायची वेळ तीच असते, फोड येण्याआधीची. दोन मिनिटांचं काम. मी थांबलो नाही, कारण थांबलो तर आणखी मागे पडेन. कोणाला सांगितलंही नाही, कारण ‘मध्यम’ला नाव मी स्वतःच दिलं होतं. ग्रेडमुळे होतं ते असं: गटात सगळे सारखे आहेत असं गृहीत धरलं जातं, त्यामुळे मागच्याकडे बघायचं काम नेमून कोणाकडेच दिलेलं नसतं. आणि मागे पडलेला माणूस चूक आपलीच समजून गप्प राहतो. डोंगरात माणसानं गप्प राहणं मला चांगलं वाटत नाही.

लीडरशी मी नंतर बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘सोपा’ला यायला सुचवलं. तसं चार-पाच वेळा जाऊन पाहिलं. तिथंही शेवटचा पोचला की बाकीचे उठायचे. प्रश्न माझ्या ग्रेडचा नव्हताच.

सगळ्यांच्या क्लबात मी गेलो तो फार आशेनं नाही. नवख्यांबरोबर चालून आपली चाल बिघडेल अशी धास्ती होती. पहिल्याच थांब्याला मात्र लीडबाईंनी शेवटची व्यक्ती येऊन बसेपर्यंत वाट पाहिली, ती बसल्यावर घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आता दहा मिनिटं.” त्याआधीची बसलेली मिनिटं धरलीच नाहीत. मी त्या दिवशी मागे नव्हतो, तरी ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं.

बाकीचे नियम याच एका नियमातून आल्यासारखे आहेत. टेलला, म्हणजे गटाच्या अगदी शेवटी, एक अनुभवी माणूस असतो, आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. वाट फुटते तिथं सगळे गोळा झाल्याशिवाय कोणी पुढं जात नाही. प्रत्येक थांब्याला डोकी मोजतात. विश्रांतीनंतर सगळ्यात सावकाश चालणारे पुढं निघतात आणि चाल त्यांच्या पायांनी ठरते. निघण्याआधी शिट्टीचा संकेत दर वेळी पुन्हा सांगतात. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन. जुन्यांना ते पाठ असतं, तरी तेही ऐकतात.

गप्पांबद्दल माझं मत इथं बदललं. आधी मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. पण पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्या चालीनं चढणं, हा दमाचा सगळ्यात सोपा मापक आहे. शेजारचा माणूस वाक्यांवरून तुटक शब्दांवर आला की चाल कमी करायची. आणि हे कळायला आधी कोणीतरी त्याच्याशी बोलत असायला हवं. अनोळखी लोकांत मिसळायला बिचकणाऱ्यालाही चढावर बोलायला काही शोधावं लागत नाही. तीन तासांत ओळख आपसूक होते.

घड्याळ लावून काही मोजलेलं नाही, पण सारख्या लांबीच्या ट्रेकांना दोन्ही क्लबांत लागलेल्या वेळात मला वाटला होता तेवढा फरक आढळला नाही. पहिला अर्धा भाग इकडे नक्कीच सावकाश होतो. दुसऱ्या अर्ध्यात मागचे मोडून पडत नाहीत, तिथं बरीचशी भरपाई होते. हा माझ्या पायांचा अंदाज आहे, तेवढ्यापुरताच धरा.

आता इकडचं खटकणारंही सांगतो. निघायला अर्धा तास उशीर होणं नेहमीचं. चपळ माणसाला थांब्यांवर खरंच कंटाळा येतो, आणि वाऱ्यावर बसलं की घामेजलेलं अंग पटकन गार पडतं, त्यामुळे जास्तीचा एक थर हाताशी ठेवावा लागतो. परत फिरायची वेळ आधीच ठरलेली असते आणि ती पाळतात. त्यामुळे एकदा माथा अगदी समोर दिसत असताना आम्ही मागे वळलो. तेव्हा वाईट वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं. गट पंचवीस-तीसचा झाला की हे सगळं कोलमडतं. माझ्या मते पंधराच्या वर एक लीड आणि एक टेल पुरत नाहीत. मोठ्या गटाच्या गोंगाटात पाखरं दिसत नाहीत, हे तर आलंच.

आणखी एक. ‘सर्वांसाठी’ असं नाव लावलेला प्रत्येक क्लब असा चालतो असं नाही. नुसतं नाव सर्वांचं आणि चाल पुढच्या चौघांची, अशा गटात नवख्याचे हाल ग्रेडवाल्यापेक्षा जास्त होतात, कारण तिथं वाटेची कल्पनासुद्धा आधी दिलेली नसते. म्हणून फी आणि वर्षभराचे कार्यक्रम विचारण्याआधी एवढंच विचारा: शेवटचा माणूस पोचल्यावर किती वेळ थांबता? लगेच आकडा आला तर तिथं विचार झालेला आहे. “तसं काही नाही, थांबतो आम्ही” असं उत्तर आलं, तर पहिल्या ट्रेकला मुद्दाम मागे चाला आणि स्वतः बघा.

येत्या काही महिन्यांत हजार मीटरच्या वर सलग चढ करायचा असेल, किंवा मोजक्या लोकांत शांतपणे चालायला आवडत असेल, तर ग्रेडवाला तुम्हाला जास्त मानवेल. मीही वर्षातून एक-दोन लांब ट्रेक त्यांच्याबरोबर करतो. पण पहिल्यांदाच निघत असाल, दुखण्यातून उठून पुन्हा सुरुवात करत असाल, किंवा घरातलं कोणी वेगळ्या चालीचं माणूस बरोबर न्यायचं असेल, तर मला विचाराल तर सगळ्यांच्या क्लबात जा. हुरूप असलेल्या पण डोंगराची सवय नसलेल्या माणसाला आधी सहा महिने तिकडे चालू द्यावं आणि मग ग्रेडकडे वळू द्यावं, असं मला मनापासून वाटतं. उलट क्रमानं गेलेले काही जण पहिल्या दोन-तीन ट्रेकांनंतर डोंगरात पुन्हा आलेच नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

गेल्या महिन्यात टेलला मी होतो. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई पहिल्यांदाच आल्या होत्या. दुसऱ्या थांब्याला आम्ही दोघं शेवटी पोचलो. त्या जेमतेम दोन मिनिटं टेकल्या आणि बाकीच्यांकडे बघत घाईघाईनं उठायला लागल्या. म्हटलं, “बसा ताई, अजून आठ मिनिटं आहेत.” त्या पुन्हा बसल्या. मग जरा संकोचून म्हणाल्या, टाच मघापासून चुरचुरतेय. बूट काढला तर कातडी लाल झालेली, फोड अजून आला नव्हता. टेप लावला, मोजा सारखा केला, नाड्या बांधल्या, तरी दोन मिनिटं उरली. त्यात त्यांनी पाणी प्यायलं आणि मग गटाच्या पुढं चालायला लागल्या.