रत्नमूल्यांकनाची सेवा : अहवालात आकड्याआधी वाचायच्या गोष्टी

दागिन्यांचे व्यावसायिक मूल्यांकन करून घेतले की हाती एक अहवाल येतो आणि बहुतेकांची नजर थेट शेवटच्या पानावरील रकमेवर जाते. वाटणी आणि विमा अशा दोन कारणांसाठी घरातील काही जुन्या आणि काही अलीकडच्या दागिन्यांचे मूल्यांकन मी नुकतेच एका स्वतंत्र रत्नतज्ज्ञाकडून करून घेतले. त्यावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की, या सेवेचा खरा ऐवज म्हणजे रकमेच्या आधी येणारे वर्णन होय. रक्कम बाजाराबरोबर वरखाली होत राहते. खडा कोणता आहे, तो खाणीतला आहे की माणसाने घडवलेला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली आहे, सोन्याचा कस किती आणि हे सारे कोणत्या मर्यादेत तपासले गेले, या नोंदी मात्र टिकून राहतात. त्यांतच खोट असेल, तर खालच्या आकड्याला काहीही आधार उरत नाही.

कोणतीही वस्तू हातात घेण्याआधी मूल्यांकन कशासाठी हवे आहे, हे त्या तज्ज्ञाने विचारले. ही औपचारिकता नव्हती. विम्यासाठी लागते ते बदली-मूल्य, म्हणजे तशाच घडणीची आणि त्याच दर्जाची वस्तू आज नव्याने घ्यायची झाल्यास किती खर्च येईल, तो आकडा. त्यात घडणावळ आणि विक्रेत्याचा नफाही येतो. वाटणीसाठी लागते ते रास्त बाजारमूल्य, म्हणजे कोणतीही घाई किंवा सक्ती नसताना जाणता विक्रेता आणि जाणता ग्राहक ज्या किमतीला राजी होतील, ती किंमत. तातडीने विकायचे ठरवले तर मिळणारी रक्कम याहून कमी असते आणि निव्वळ मोडीची किंमत त्याहूनही खाली असू शकते. एकाच अंगठीचे हे वेगवेगळे आकडे आपापल्या जागी बरोबरच असतात. म्हणूनच ज्या अहवालात उद्देश, मूल्याचा प्रकार आणि तारीख या तिन्हींचा स्पष्ट उल्लेख नाही, तो कितीही देखण्या कागदावर छापलेला असला तरी निरुपयोगी समजावा. आमच्यासाठी विम्याचा आणि वाटणीचा असे दोन स्वतंत्र अहवाल तयार झाले आणि एका कामाचा कागद दुसऱ्या कामासाठी वापरू नये, असे दोन्हींवर ठळकपणे लिहिलेले होते.

वस्तू स्वीकारण्याची पद्धतही मला समाधानकारक वाटली. प्रत्येक दागिन्याचे वजन समोर करण्यात आले, मुख्य खड्यांची मापे आणि आतल्या खुणांचे रेखाचित्र माझ्या देखत काढण्यात आले, आणि त्यावर दोघांच्या सह्या झाल्या. खडा बदलला जाण्याची भीती ग्राहकाच्या मनात असतेच, ती बोलून दाखवायला मात्र तो संकोचतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून टिपलेली ही रेखाचित्रे त्या भीतीवरचा उत्तम उपाय आहेत, कारण नैसर्गिक खड्याच्या आतल्या खुणा दुसऱ्या खड्यात जशाच्या तशा सापडणे जवळजवळ अशक्य असते.

सर्वांत अधिक वेळ गेला तो एका जुन्या अंगठीतील तांबड्या खड्यावर, आणि सेवेचा कस लागला तोही इथेच. हे माणिक असल्याचे घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जात होते. तांबडे म्हणजे माणिक, ही समजूत राजघराण्यांनाही चकवून गेलेली आहे. ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सेस रूबी’ नावाचा प्रसिद्ध खडा प्रत्यक्षात स्पिनेल, म्हणजे माणकासारखे दिसणारे वेगळेच रत्न, आहे. आमच्या खड्याचा अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर १.७६२ ते १.७७० असा आला. स्पिनेलचा अपवर्तनांक साधारण १.७१८ असतो आणि त्यात प्रकाशकिरण दुभंगत नाही, म्हणून एकच आकडा मिळतो. त्यामुळे हा खडा कुरुंदाचा, म्हणजे माणकाच्याच जातीचा, हे निश्चित झाले. घाईत असणारा पारखी इथे थांबून ‘माणिक’ असे लिहून मोकळा झाला असता. परंतु माणसाने घडवलेल्या माणकाचे रासायनिक घटक आणि अपवर्तनांक नैसर्गिक माणकासारखेच असतात, त्यामुळे हे उपकरण त्या दोघांत फरक करू शकत नाही. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे होते. त्याखाली खड्याच्या आत वक्राकार वाढरेषा आणि वायूचे गोल बुडबुडे दिसले, आणि ते मलाही दाखवण्यात आले. नैसर्गिक कुरुंदात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळणाऱ्या असतात. पुष्कळदा रूटाइल खनिजाच्या रेशमासारख्या बारीक सुयाही दिसतात. वक्ररेषा ही ज्वालेत वितळवून बनवलेल्या खड्याची ओळख होय. ही पद्धत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्युस्त व्हर्नोय यांनी १९०२ साली जाहीर केली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत असे खडे मोठ्या प्रमाणावर बाजारात आले. याचा अर्थ असा की, दागिना जुना आहे एवढ्यावरून त्यातला खडा खाणीतला ठरत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या अंगठीतही कारखान्यात तयार झालेले माणिक प्रामाणिकपणे विकले आणि विकत घेतले गेलेले असू शकते. अंगठीचे सोने आणि तिची जुनी घडण यांचे मूल्य अहवालात वेगळे दाखवले होते आणि तसेच दाखवणे योग्य होते.

पाचूच्या लोलकाबाबत अहवालाने दाखवलेला संयम मला विशेष आवडला. बहुतेक पाचूंमध्ये तडे असतातच आणि ते झाकण्यासाठी त्यांत तेल किंवा राळ भरण्याची प्रथा व्यापारात सर्वमान्य आहे. प्रश्न असतो तो भरणा किती आणि कशाचा, याचा. आमच्या पाचूत भरणा मध्यम प्रमाणात असल्याची नोंद होती आणि हा खडा अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी सफाई करणाऱ्या) यंत्रात किंवा वाफेने स्वच्छ करू नये, अशी सूचनाही जोडलेली होती, कारण तसे केल्यास तेल निघून जाऊन तडे उघडे पडू शकतात. खड्याच्या आत द्रव, वायूचा बुडबुडा आणि क्षाराचा स्फटिक एकाच पोकळीत दिसत होते. ही खूण कोलंबियाच्या पाचूंची म्हणून पुस्तकांत वाचायला मिळते, त्यामुळे मी उगमाची नोंद करण्याविषयी विचारले. तशा खुणा इतर काही देशांच्या पाचूंतही आढळल्या असल्याने उगमाचे मत आपण टेबलावरच्या उपकरणांवरून देणार नाही आणि त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेकडे जावे लागेल, असे उत्तर मिळाले. ग्राहकाला आवडणारे विधान टाळण्याची ही तयारी माझ्या लेखी या सेवेचा सर्वांत मोठा गुण ठरली.

हिऱ्याच्या अंगठीची गोष्ट निराळी होती, कारण हिरा कोंदणातून काढायचा नाही, असे आम्हीच ठरवले होते. हिऱ्याच्या दर्जाची जगभर प्रचलित असलेली ‘डी’ (रंगहीन) ते ‘झेड’ (पिवळसर झाक असलेला) ही रंगश्रेणी १९३१ साली स्थापन झालेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, या संस्थेने रूढ केली आणि ती संस्था हिऱ्यांचे प्रतवारी-अहवाल सुट्या हिऱ्यांसाठीच देते. त्यामागचे कारण इथे प्रत्यक्ष पाहायला मिळाले : कोंदणाच्या सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतो आणि काठावरच्या खुणा धातूच्या नखांखाली झाकल्या जातात. म्हणून अहवालात रंग ‘जी ते एच’ असा टप्प्यात दिला होता. वजनही मोजलेले नव्हते, तर गोल पैलूदार हिऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग, खोली आणि ०.००६१ यांच्या गुणाकाराने काढलेले होते. व्यास ६.५ आणि खोली ४.० धरली, तर हे वजन सुमारे १.०३ कॅरट येते. दोन्ही मापे मिलिमीटरच्या केवळ एक दशांशाने कमी भरली, तर ते ०.९७ वर उतरते. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तेव्हा फरक किती सूक्ष्म आहे हे लक्षात येईल; पण पूर्ण कॅरटच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या हिऱ्यांच्या दरात मोठी तफावत असते, त्यामुळे ‘अंदाजे’ हा छोटासा शब्द अहवालातून निसटू नये, याची काळजी घ्यावी लागते.

हिरा खरा आहे का, हे तपासण्यासाठी उष्णतावहन मोजणारी पेनासारखी यंत्रे सर्वत्र दिसतात. त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही उष्णता जवळपास हिऱ्याइतक्याच सहजतेने वाहून नेतो. भिंगाखाली तिरके धरून पाहिले असता मॉइसनाइटमध्ये मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, आणि तज्ज्ञाने आधी पाहिले ते हेच. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यापुढे मात्र भिंगही हात टेकते, कारण तो हिराच असतो. त्याच्यासाठी प्रकाशाच्या शोषणाचा अभ्यास करणारी निवड-यंत्रे असतात. बहुसंख्य नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनच्या खुणा आढळतात, आणि त्या न आढळलेला खडा पुढील तपासणीसाठी बाजूला काढला जातो. आमचा हिरा या चाळणीतून पार पडला. त्याच्या कमरपट्ट्यावर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात त्या कडेवर, लेझरने कोरलेला क्रमांक जुन्या प्रमाणपत्राशी जुळला, तरीही मापे पुन्हा घेऊन ताडून पाहण्यात आली, कारण असा क्रमांक दुसऱ्या हिऱ्यावरही कोरता येतो.

मोत्यांचा सर संवर्धित, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या मोत्यांचा, असल्याचा निर्वाळा छिद्राच्या तोंडाशी भिंगाने दिसणाऱ्या, आतला मणी आणि बाहेरचा थर यांच्यामधल्या गडद रेषेवरून लगेच मिळाला. सोन्याच्या तपासणीत मात्र एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. क्ष-किरणांनी कस दाखवणारे यंत्र धातूचा फक्त वरचा थर वाचते, त्यामुळे जाड मुलामा असेल तर ते फसू शकते. शिवाय दागिन्याचे टाके, म्हणजे डाख दिलेले जोड, कमी कसाच्या सोन्याचे असतात. म्हणून झाकल्या जाणाऱ्या जागी कसोटीच्या दगडावरही पाहणी झाली आणि ठशावर ७५०, म्हणजे १८ कॅरट, असे असले तरी अहवालात ठसा आणि प्रत्यक्ष चाचणी या दोन्हींची नोंद वेगवेगळी करण्यात आली.

आता उणिवांविषयी. किंमत कोणत्या व्यवहारांच्या किंवा दरपत्रकांच्या आधारे ठरवली, याचा तपशील पहिल्या मसुद्यात नव्हता. तो मागितल्यानंतर पुरवणी म्हणून देण्यात आला. ही माहिती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता मूळ अहवालातच असायला हवी, कारण विमा कंपनीने किंवा एखाद्या वारसदाराने आक्षेप घेतल्यास उपयोगी पडते ती हीच माहिती. छायाचित्रांशेजारी मोजपट्टी नव्हती आणि पाचूचे छायाचित्र इतके काळपट होते की, हरवलेल्या वस्तूची ओळख पटवायला त्याचा फारसा उपयोग झाला नसता. काम ठरलेल्या मुदतीपेक्षा उशिरा पूर्ण झाले, आणि परिभाषा इतकी दाट होती की घरातल्या ज्येष्ठांना अहवालाचा पहिला भाग वाचून दाखवताना प्रत्येक ओळीला थांबावे लागले.

शुल्काबाबत तक्रार नाही. ते वस्तूंच्या संख्येवर आणि कामाच्या वेळेवर आकारले होते, आणि ते तसेच असायला हवे. मूल्याच्या टक्केवारीवर शुल्क घेणाऱ्याला आकडा फुगवण्याचे कारण मिळते. मूल्य सांगून लगेच ‘आम्हीच विकत घेऊ’ म्हणणाऱ्याला तोच आकडा दाबण्याचे कारण मिळते. विकताना फुकट मिळणाऱ्या मूल्यपत्रांकडेही याच नजरेने पाहावे. आमच्या एका दागिन्यासोबत विक्रेत्याने दिलेल्या पत्रात खरेदीच्या रकमेपेक्षा बराच मोठा आकडा होता, ज्याचा हेतू खरेदीदाराला सौदा स्वस्तात पटल्याचे समाधान देणे एवढाच असावा. तो आकडा विम्यासाठी दिला असता तर हप्ता वाढला असता, पण नुकसानभरपाई वाढलीच असती असे नाही. अनेक पॉलिसींमध्ये कंपनीला तशीच वस्तू स्वतःच्या खर्चाने बदलून देण्याची मुभा असते.

ज्यांच्याकडे खडे नसलेल्या साध्या साखळ्या आणि बांगड्या आहेत, त्यांनी या सेवेवर खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. कस आणि वजन कळले की उरते ते गणित. रंगीत रत्ने, मोठे हिरे, जुनी घडण किंवा कागदपत्रांविना हाती आलेल्या वस्तू असतील, तर उणिवा जमेस धरूनही ही सेवा घ्यावी, असेच मी सांगेन. काम सोपवण्यापूर्वी नाव-पत्ता झाकलेला नमुना-अहवाल मागून घ्यावा आणि त्यात मर्यादांचा परिच्छेद आहे का, हे आधी पाहावे. तो नसेल तर दुसरा तज्ज्ञ शोधावा.