पाल्बोसिक्लिब की रायबोसिक्लिब?

स्तनाच्या कर्करोगावरच्या या दोन गोळ्यांची तुलना करताना परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या केमिस्टकडे आधी किमतीचाच विषय निघतो. तिथे पाल्बोसिक्लिबची सरशी: २०२३ मध्ये पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या, भाव उतरला. दोन्ही औषधं पेशींना विभागायला लावणारी सीडीके ४/६ प्रथिनं रोखतात; २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी, जोडीला बहुधा लेट्रोझोल, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी. पण पसरलेल्या आजारात आयुष्य किती वाढतं म्हणाल, तर माझा कौल रायबोसिक्लिबला. मोठ्या चाचणीत रायबोसिक्लिब-लेट्रोझोल या जोडगोळीवरच्या निम्म्या रुग्ण ६३.९ महिन्यांहून जास्त जगल्या. नुसत्या लेट्रोझोलवर हाच आकडा ५१.४. पाल्बोसिक्लिबच्या तशाच चाचणीत ठोस फरक दिसला नाही. मात्र रायबोसिक्लिबने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी चुकवायचा नाही. पांढऱ्या पेशी? त्या दोन्हींत घसरतात. रक्ततपासणी कुठेच सुटत नाही.