पालच्या वाटेवरचं ‘वन्यजीव उद्यान’ आणि खाकीतला तोतया

हिवाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या पालला, यावल अभयारण्याच्या बाजूला सहलीला निघणाऱ्या घरांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांच्या आडोशाला एक टोळी बसली आहे. आधी ती प्राणी दाखवायचे म्हणून तिकिटाचे पैसे घेते. मग तुमच्याच लेकराच्या हातात एक प्राणी देते आणि त्याच प्राण्याच्या नावाने दम देऊन खरी रक्कम उकळते. आमचे आठ हजार गेले.

जाहिरात फेसबुकवर आली होती. ‘सातपुड्यातले प्राणी हात लावून पाहा’, वर वनखात्यासारखं दिसणारं चिन्ह, खाली लाल अक्षरांत ‘शासनमान्य’. माणशी दीडशे रुपये, लहान मुलांना अर्धं तिकीट. आम्ही अमळनेरहून सकाळीच निघालो: सासूबाई, भाऊजी, जाऊबाई, कॉलेजात जाणारी पुतणी, मी आणि माझा पहिलीतला मुलगा. डब्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या. बेत असा होता, की आधी हे उद्यान बघायचं आणि मग पालला जाऊन जेवायचं. फैजपूर सोडल्यावर आत वळायचा बोर्ड दिसला.

आत पत्र्याची शेड आणि हिरवी जाळी. ससे, पोपट, पिसं उपटलेला एक मोर. आणि एक घोरपड. ती घोरपड अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तोंडाला चिकटपट्टी गुंडाळलेली, मागच्या पायाला सुतळी, आणि सुतळीखालची कातडी सोलून लाल झालेली. बघणारी पोरं टाळ्या वाजवत होती आणि ती नुसतं पोट हलवत पडून होती. ‘चला, इथे थांबायचं नाही,’ असं मी जाऊबाईंना म्हणतेय, तोवर शेडवाल्याने माझ्या मुलाच्या हातात कासव ठेवलंही. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असलेलं, तळहातावर मावेल एवढं. “घे रे बाळा, काही करत नाही ते. ताई, इकडे बघा, फोटो काढतो. व्हॉट्सॲपवर टाकतो, नंबर सांगा.”

त्याने फोटो काढला, नंबर घेतला आणि आत गेला. आम्ही गाडीपाशी पोहोचतो न पोहोचतो तोच मोटारसायकलवर एक खाकीतला माणूस आला. छातीवर नावाची पट्टी नाही, पायात साध्या चपला. ओळखपत्र असं दाखवलं, की त्यावरचं एक अक्षर वाचता येऊ नये. मोबाईल पुढे करून म्हणाला, “हे पोरगं तुमचंच ना? हे शेड्यूल वनचं जनावर आहे. सात वर्षं आत जाल, जामीन नाही. गाडी जप्त होईल, पोराला बालसुधारगृहात टाकतील.” शेडवाला लगेच हात जोडून पुढे, “साहेब, घरची माणसं आहेत, काहीतरी तोडपाणी करा.” वीस हजारांवरून गोष्ट आठ हजारांवर आली. सासूबाईंनी मात्र त्याला सरळ विचारलं, “पावती शे का तुन्हाजोडे?” त्यावर तो त्यांच्या अंगावरच ओरडला. मुलगा भेदरून रडायला लागला होता, गाडीच्या पुढे मोटारसायकल आडवी लावलेली होती. भाऊजींनी पैसे पाठवले. कोड स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्याशा किराणा दुकानाचं.

गाडी मुख्य रस्त्याला लागल्यावर पुतणी म्हणाली, “काकू, फोटो तर शेडवाल्याने काढला होता. मग तो त्या साहेबाच्या मोबाईलवर कसा?”

सगळा डाव या एका प्रश्नात उघडा पडतो. दोघं एकच.

पालला वनखात्याच्या माणसांना भेटून आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कायदा समजावला. तो इथे मांडते, कारण या टोळीचं भांडवल खरं-खोटं मिसळलेली भीती हेच आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. चांदण्यांचं कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ‘शेड्यूल वन’ या सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे हे खरं. ते बाळगल्याबद्दल ३ ते ७ वर्षं कैद आहे हेही खरं. पण ज्या गुन्ह्याला कायद्याने कमीत कमी शिक्षा ठरवून दिली आहे, त्यात पैसे भरून तडजोड होतच नाही. इतर गुन्ह्यांत होते, पण तो अधिकार वरच्या अधिकाऱ्याला असतो, रस्त्यावर गाठणाऱ्या वनरक्षकाला नाही. म्हणजे ‘शेड्यूल वन’ म्हणून दम द्यायचा आणि त्याच तोंडाने आठ हजार मागायचे, असं करणारा एक तर तोतया आहे नाहीतर लाचखोर. लाचेची तक्रार १०६४ वर करता येते. तोतया सरकारी नोकर बनणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ प्रमाणे गुन्हा आहे. आणि सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य कायदा गुन्हा मानत नाही. बालसुधारगृहाची धमकी शुद्ध खोटी होती. माझा मुलगा त्यानंतर रात्री दचकून उठायचा, याचा मला जास्त संताप आहे.

ते कासव सातपुड्यातलंही नाही. ते गुजरात-राजस्थानकडचं आणि दक्षिणेतलं. घरात पाळायला म्हणून त्याची एवढी तस्करी होते, की २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. मोर, घोरपड, साधा हिरवा पोपटसुद्धा असा पिंजऱ्यात ठेवता येत नाही. प्राणिसंग्रहालय चालवायचं तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि मान्यता मिळालेल्या ठिकाणांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. ‘शासनमान्य’ शब्द दिसला, की यादीत नाव शोधा. यावल १९६९ पासून अभयारण्य आहे, तिकडे चाळीसगाव-कन्नडकडे गौताळा १९८६ पासून. तिथे अस्वल, बिबट्या, भेकर असतात ते मोकळे. दिसले तर दिसले. हातात काढून देणारा कोणी भेटला, तर तो वनखात्याचा नाही एवढं नक्की.

असं कोणी अडवलं तर पैसे देऊ नका. नाव आणि हुद्दा विचारा, त्याच्यासमोरच १९२६ ला, म्हणजे वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, आणि ‘चला, कार्यालयात बसून बोलू’ म्हणा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत जातात. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. तुमच्या मुलाचा त्यांनी काढलेला फोटोही पुसू नका, तो त्यांच्याविरुद्धचा पुरावा आहे.

आमची तक्रार नोंदवली गेली आहे. पैसे पुढे गेले त्या खात्यात थोडी रक्कम गोठवल्याचं कळवलंय, हातात अजून काही आलेलं नाही. वनखात्याची माणसं त्या शेडवर पोहोचली तेव्हा पिंजरे रिकामे होते आणि बोर्ड उतरवलेला होता. त्या घोरपडीचं काय केलं असेल, कोण जाणे. जाहिरात मात्र पुन्हा फिरायला लागली आहे, नाव दुसरं, पत्ता चोपड्याकडचा आणि कासवाचा फोटो तोच. तुमच्या मोबाईलवर आली तर पुढे पाठवू नका, स्क्रीनशॉट काढा आणि १९२६ ला कळवा.