हेड गॅस्केटचं बिल भरलं, बिघाड होता रेडिएटरच्या कॅपमध्ये

चढ लागला की टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा आणि बॉनेट उघडावं तर कुलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली उतू गेलेली. गॅरेजवाल्याने पाच मिनिटं बघून सांगितलं, “हेड गॅस्केट गेलीय, हेड उतरवावं लागेल.” हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे त्याच्या सांध्यातली सील. मी घाबरून हो म्हटलं. गाडी चार दिवस तिथे पडून होती. बिलात गॅस्केट, फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), मजुरी सगळं होतं. काढलेली जुनी गॅस्केट मात्र मी मागितली नाही.

पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, रेडिएटरची कॅप काढली आणि उलटी करून माझ्या हातात ठेवली. रबर कडक झालेलं, स्प्रिंग बोटानेही सहज दबत होती, मधला छोटा व्हॉल्व्ह मळीने चिकटलेला. कॅपवर 1.1 छापलं होतं, म्हणजे 1.1 बार इतका दाब. हातपंपाच्या टेस्टरवर लावली तर काटा 0.4 च्या पुढे जाईना. मग त्यांनी टॉर्च मारून हेडचा सांधा दाखवला. वर्षानुवर्षांचा तेलकट मळ जसाच्या तसा. हेड कुणी उघडलंच नव्हतं!

साधं पाणी 100 अंशांना उकळतं, पण कॅपने 1 बारचा जादा दाब धरला तर ते सुमारे 120 पर्यंत तग धरतं, कुलंट मिसळलेलं त्याहून थोडं जास्त. स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही, कुलंट लवकर उकळतं आणि बाटलीत फेकलं जातं. इंजिन गार होताना तेच कुलंट मधल्या छोट्या व्हॉल्व्हमधून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. तो व्हॉल्व्ह अडकला तर आत पोकळी होते आणि वरचा होज पाईप चपटा होतो. माझा रोज सकाळी चपटा दिसायचा. मीच तो त्या गॅरेजवाल्याला दाखवला होता, आणि त्याने तोच गॅस्केट गेल्याचा पुरावा म्हणून मला ऐकवला. याचा संताप अजून जात नाही.

कुणी हेड उतरवायचं म्हणालं तर आधी कॅप तुमच्यासमोर टेस्टरवर लावायला सांगा. गॅस्केटचा संशय असेल तर रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची चाचणी करता येते. पेट्रोल इंजिनातला जळका वायू कुलंटमध्ये शिरत असेल तर ते द्रावण पिवळं पडतं. काम झालंच तर जुनी गॅस्केट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि इंजिन गरम असताना कॅपला हात लावू नका, उकळतं कुलंट थेट तोंडावर उडतं.

नवी कॅप त्याच 1.1 च्या आकड्याची घेतली. परवा तोच चढ चढलो, काटा मध्यावरून हलला नाही.